उजवीकडे दोन

समोर

चकती वळली. हात वर. माशी खाचेच्या मधोमध, तिच्या डोक्यावर काळा गोल. चाप. ठो.

आड

आता सात सेकंद काही करायचं नाही.

चकतीने तोंड फिरवलं आहे. कडेने उभी राहिली की ती दोऱ्याएवढी दिसते. या खेळात ती तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद आड जाते. समोर असेल तेवढ्यात खाली ठेवलेला हात उचलायचा, पिस्तुलाच्या टोकावरचा उंचवटा, म्हणजे माशी, मागच्या खाचेत बसवायची आणि एकच गोळी मारायची. की हात पुन्हा खाली. अशा पाच गोळ्या झाल्या की एक डाव. घाई केली तर नेम हुकतो, आणि नेम धरून बसलं तर चकती निघून जाते, कुणाची वाट बघत नाही.

आणि सगळं एका हाताने. दुसऱ्या हाताने मदत करायची नाही, आधार द्यायचा नाही, त्याने नुसतं असायचं. तो कुठे ठेवायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. कुणी पट्ट्यात अडकवतं, कुणी पाठीशी नेतं. हिचा डावा हात जाकिटाच्या खिशात असतो. खिशात बोटभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर असतो आणि अंगठा त्याच्या मुठीवर टेकलेला असतो.

ही म्हणजे कवळीवाली. एका कारखान्यात बसून ती दिवसभर लोकांचे दात बनवते, म्हणून रेंजवर तिचं नाव तेच पडलं. लोक तिच्या कामावर जेवतात आणि तिला ओळखत नाहीत, असं तिचा नवरा सगळ्यांना सांगतो.

"डावीकडे!" काचेच्या खोलीतून आवाज आला. रेंज सांभाळणारे काका दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. "पार डावीकडे गं बाई! कुणाचे दात पाडतेस?"

"पहिली आहे, काका. पहिली कुणाचीही सुटते."

समोर

वळली. हात. माशी. चाप. ठो.

आड

दुपारी निवड आहे. जोडीची निवड. एक बाई, एक पुरुष, दोघांचे गुण एकत्र. पहिली येणारी जोडी पुढच्या मोठ्या सामन्याला जाणार, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. कवळीवाली आणि तिचा नवरा गेली काही वर्षं टाळ्या वाजवत आले आहेत. दर वर्षी थोडक्यात गेलं. दर वर्षी परतताना तो म्हणायचा, "आपण टाळ्या फार चांगल्या वाजवतो. त्याचे गुण धरायला हवेत."

तो लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी बाहेरून बोलत राहायचं, त्यांना हसवत राहायचं आणि तोवर हाताने काम करायचं, यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. लग्न ठरलं तेव्हा तिची मावशी म्हणाली होती, "माणूस बोलून मोकळा आहे, सुखी राहशील." राहिलीही. मावशीला खोटं पाडण्यासारखं काही झालं नव्हतं.

दोघांत पिस्तूल एकच. साध्या लाकडी मुठीचं, उजव्या-डाव्या कुठल्याही हातात बसणारं. रेंजच्या कपाटात त्याची पेटी आणि पेटीला दोन किल्ल्या. ती सकाळी कारखान्यात जायच्या आधी यायची, तो संध्याकाळी कामावरून सुटला की. एका घरात राहून त्यांची गाठभेट जास्त त्या पेटीतच पडायची म्हणा ना.

कशी, ते सांगायला हवं.

एकच पिस्तूल दोन माणसांना सारखं लागत नाही. डोळा वेगळा, मनगट वेगळं, बोट चाप ओढतं ती ओढ वेगळी. म्हणून मागच्या खाचेला एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की खाच केसभर सरकते आणि टक् असा खटका ऐकू येतो. नवऱ्याचे खटके मधल्या खुणेवर. "मी सरळ माणूस," असं तो छाती पुढे काढून म्हणायचा. तिचं बोट चाप ओढताना गोळीला किंचित डावीकडे नेतं, म्हणून तिची खाच मधल्या खुणेपासून उजवीकडे दोन खटके.

पिस्तूल नवीन होतं तेव्हाच त्यांच्यात ठरून गेलं. ठरवलं कुणी नाही, तोच एकदा बोलून गेला. लिफ्टने वर गेलं की ती खाली पाठवून द्यावी, म्हणजे खालच्या माणसाला ताटकळावं लागत नाही. तसं पेटी बंद करणाऱ्याने खटके दुसऱ्याचे लावून ठेवायचे. स्वतःचे तसेच सोडायचे नाहीत. ती सकाळी आली की खाच उजवीकडे दोन असायची, तो संध्याकाळी आला की मधोमध. भांडण झालं तरी. विशेषतः भांडण झालं की. एकदा दोघं आठवडाभर बोलत नव्हते, कशावरून ते आता दोघांनाही आठवत नाही. पण रोज सकाळी खाच उजवीकडे दोन होती, आणि शेवटी तीच हसली.

"एखाद्या दिवशी विसरशील," ती म्हणायची.

"झोपेतून उठव," तो म्हणायचा. "दिवा लावू नकोस. लावून दाखवतो. उजवीकडे दोन."

समोर

वळली. हात. माशी अगदी मधोमध, तिला स्वतःला दिसली. चाप गुळगुळीत गेला. ठो. चांगली. ही चांगली होती.

आड

"तिन्ही एका जागी!" काका ओरडले. "एकावर एक घातल्यास बाई! पण घर चुकलंस!"

यात जे होतं ते काकांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. काका हसून मोकळे झाले, तिला हसू आलं नाही.

गोळ्या चकतीभर विखुरल्या तर चूक हाताची. माणूस झोपला नसेल, घाबरला असेल, घरी काही झालं असेल. पण गोळ्या एकाच ठिकाणी बसल्या आणि ते ठिकाण भलतंच असलं, तर हात निर्दोष. मग चूक खटक्यांची.

समोर

चकती आली. हात वर गेला नाही.

चकती गेली.

आड

समोर

पाचवी तिने मारली, उगाच. तीही तिथेच बसली.

आड

तिने गोळ्यांची पट्टी काढली, नळी मोकळी केली, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. खाचेकडे आधी बघितलं नाही. कानानेच मोजायचं ठरवलं. मधल्या खुणेपर्यंत किती खटके पडतात ते.

पाच.

डावीकडे पाच.

हे काही विसरण्यात जमा होत नव्हतं. तो विसरला असता तर खाच मधोमध राहिली असती, त्याची त्याच्या जागी. चुकून एखादा खटका कमीजास्त झाला असता तर तेही कळलं असतं. पण डावीकडे पाच या खटक्यांना रेंजवर एकच मालक होता, आणि तो मालक कवळीवालीनेच शोधून काढला होता. स्वतःच्या हाताने.

कारखान्यात तिच्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी आली होती. दातांचे रंग जुळवायला. पांढऱ्यात किती पांढरे असतात ते तिच्या डोळ्याला कळायचं. सगळे तिला नवी म्हणायचे. तिच्यानंतर आणखी दोघं आले तरी नवी तीच राहिली. डावखुरी. हसरी. डबा उघडला की आधी शेजारच्याला देणारी. कवळीवालीला पाठची बहीण नव्हती, तिने ती करून टाकली. "माझ्याबरोबर एकदा रेंजवर ये. तुझ्या डोळ्याचं सोनं होईल."

नवीच्या गोळ्या आधी उजवीकडे पळायच्या. डाव्या हाताचं तसंच असतं. कवळीवाली शेजारी उभी राहून एकेक खटका डावीकडे देत गेली. एक, मार. दोन, मार. पाचव्या खटक्याला गोळी काळ्याच्या पोटात बसली आणि नवी ताई, ताई करत गळ्यात पडली.

त्या दिवशी तोही होता. मागे भिंतीला टेकून. "झालं," तो म्हणाला होता. "आता आमच्या पेटीत भाडेकरू ठेवावा लागणार."

तिघंही पोट धरून हसली होती. कवळीवाली सगळ्यात जास्त.

मग एक दिवस नवी म्हणाली, "ताई, हल्ली नाही जमत हो रेंजवर यायला. घरचं फार झालंय." आणि दातांचे रंग बघत राहिली. मान वर न करता.

समोर

काकांच्या खोलीत चहाचा वास होता. ती आत जाऊन उभी राहिली.

"काका, काल संध्याकाळी आमच्या पेटीला कुणी हात लावला होता?"

"तुमच्या पेटीला कोण हात लावतंय? तुझा नवराच."

"तोच होता?"

"एकटाच. दुसरं चिटपाखरू नव्हतं. निघायचं नावच घेईना. मीच म्हटलं, बास कर बाबा, तुला नसलं तरी मला घर आहे. पण मारल्या मात्र झकास, एकूण एक मधोमध. का गं?"

"काही नाही. खटके जरा सरकलेत."

"ते काय आपोआप सरकतात? एवढा आवाज करून फिरतात." काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हां, त्या नवीने... पण ती काल नव्हती. परवा होती."

बोलून झाल्यावर काकांना आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. त्यांनी चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायले.

"म्हणजे येते आपली अधूनमधून. तुला माहीत असेलच."

"हो," कवळीवाली म्हणाली. "माहीत आहे."

आड

कालची संध्याकाळ तिने स्वतःपुढे मांडली. मांडायची नव्हती, पण मांडली गेली.

तो एकटा. खाच मधोमध, त्याची. गोळ्या मधोमध. काका दिवे बंद करायला उठलेत. तो पिस्तूल पुसतो, पेटीत ठेवतो, स्क्रूड्रायव्हर उचलतो. आता खटके दुसऱ्याचे लावायचे. डोकं कुठेतरी आहे, लिफ्टमध्ये, रस्त्यावर, कुठेही. डोक्याचं इथे कामच नाही. इतक्या वर्षांत हाताला सगळं पाठ आहे. आणि हात जातो तो डावीकडे. टक्, टक्, टक्, टक्, टक्. पेटी बंद.

नवी तिथे नव्हती. तिला दाखवायचं नव्हतं, खूश करायचं नव्हतं. कुणी बघत नव्हतं. त्याने ठरवून केलं असतं तर असं केलंच नसतं. सकाळी पेटी कोण उघडणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तो काही मूर्ख नाही. त्याने लपवलं असणार. चांगलं लपवलं असणार. फोन लपवला असेल, उशिरा येण्याची कारणं लपवली असतील, अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांच्या गोष्टी रचल्या असतील. आणि ती त्या गोष्टींना हसलीही असेल. फक्त हाताला बजावायचं राहून गेलं. दुसऱ्या माणसाचे लाव, एवढंच हाताला कळलं, आणि हाताने त्याच्या मते दुसरं माणूस जे होतं त्याचे लावले.

तिने रडून बघितलं. आलं नाही. बाहेर कुणीतरी सराव करत होतं, ठो, मग गप्प, ठो, मग गप्प. मधल्या तेवढ्या शांततेत मावेल एवढंच रडू येत होतं आणि पुढची गोळी वाजली की आत जात होतं.

तिने कारखान्यात निरोप दिला, आज येत नाही. पलीकडून नवीचाच आवाज. "काय झालं ताई? बरं नाही का?"

"निवड आहे ना दुपारी."

"अय्या हो! ताई, मारून या हं. दोघंही." आणि मग, जरा थांबून, "मी इथूनच टाळ्या वाजवते."

कवळीवालीने फोन ठेवला. त्या मुलीच्या आवाजात खोटं शोधलं, ते सापडलं नाही, म्हणून जास्त लागलं.

मग तिने एक गोष्ट ठरवली. हिशेब सोपा होता आणि खेळातलाच होता. डावाआधी सरावाच्या गोळ्या देतात. त्या कुठेही लागोत, गुणांत धरत नाहीत. कालचे खटके सरावाचे. ते धरायचे नाहीत. आज निवडीनंतर पेटी तोच बंद करणार, कारण दुसरा नंबर त्याचा. तेव्हा त्याचा हात कुठे जातो ते बघायचं. उजवीकडे दोन गेला, तर ती जन्मात एक शब्द काढणार नव्हती. काकांना नाही, नवीला नाही, त्याला तर नाहीच. तिला सगळं पोटात घालता आलं असतं. खरंच आलं असतं. तिने स्वतःला दोनदा विचारून घेतलं.

खाच तिने उजवीकडे दोन केली आणि तिथेच, त्या टेबलाशी, दुपारची वाट बघत बसली.

समोर

तो आला तो हात चोळत. अंगाला लिफ्टच्या तेलाचा वास, केस नीट भांग पाडलेले.

"काय गं, सकाळपासून इथेच? कारखान्यातली माणसं आज चावणार कशाने?"

"हिरड्यांनी."

"हात कसा आहे?"

"हात बरा आहे."

"चेहरा का असा?"

"कसा?"

"दाढ काढल्यासारखा."

"निवड आहे म्हणून असेल."

"अगं, हरलो तर टाळ्या आहेतच आपल्या." आणि त्याने नेहमीसारखी तिच्या डोक्यावर टिचकी मारली. टिचकी अगदी नेहमीसारखीच होती. तिला वाटलं होतं, निदान टिचकीत तरी काही बदललेलं सापडेल.

समोर

दहा.

समोर

नऊ.

समोर

दहा.

समोर

दहा.

समोर

दहा.

मधला आड आज रिकामा होता. हात खाली, डावा खिशात, अंगठा स्क्रूड्रायव्हरवर. डोक्यात काही नाही. मागे तो उभा होता आणि प्रत्येक गोळीनंतर त्याचा श्वास सुटायचा तो तिला पाठीवर कळायचा. इतकी चांगली ती कधीच मारत नव्हती. डावामागून डाव, तसाच. मागे लोकांची कुजबुज थांबली. "आज काय खाऊन आलीय ही?" कुणीतरी विचारलं, आणि काकांनी खोलीतून त्या माणसाला इतकं जोरात गप्प केलं की सगळेच वळले.

आड

तिचं संपलं. आता पिस्तूल त्याला द्यायचं. देण्याआधी खटके त्याचे लावायचे. दोन डावीकडे, मधल्या खुणेवर.

तो शेजारी उभा, बोटं मोडत, तिच्याकडे न बघता. तो कधीच तपासत नसे. तिने दिलं की घ्यायचा आणि मारायचा, इतका डोळे झाकून विश्वास. एक खटका जास्त दिला असता तर नऊ पडले असते. दोन दिले असते तर आठ. पाच दिले असते तर त्याला कळलं असतं, पहिल्या गोळीलाच. सगळ्यांसमोर. तो वळून बघेल, तिच्याकडे, आणि मग काहीच बोलायला नको.

टक्.

टक्.

तिने स्क्रूड्रायव्हर बाजूला केला. मधोमध. त्याचं त्याला.

"घे," ती म्हणाली.

"कमाल केलीस आज," तो हळूच म्हणाला आणि खाचेकडे न बघता पिस्तूल उचललं.

समोर

त्यानेही मारल्या. तिच्याइतक्या नाहीत, पण पुरेशा. शेवटच्या डावाला एक जरा खाली गेली आणि लोकांनी श्वास रोखला. मग काकांनी खोलीतून आकडा वाचला, आणि मग टाळ्या. या वर्षी दुसऱ्यांनी वाजवलेल्या.

त्याने तिला उचललंच. चार लोकांत. पाय जमिनीवरून सुटले तेव्हा तिने डोळे मिटले आणि त्याच्या खांद्याला नाक लावलं. तेलाचा वास. तेवढ्यापुरतं तिला वाटलं, सरावाच्या गोळ्या धरत नाहीतच मुळी.

आड

लोक पांगले. तो पेटीपाशी गेला. ती काकांच्या खोलीत जाऊन उभी राहिली, काचेच्या आड. काका सह्या कर म्हणाले, ती ऐकल्यासारखं करून बघत राहिली. काकांनीही मग आग्रह केला नाही.

त्याने नळी पुसली. पिस्तूल पेटीत ठेवलं. स्क्रूड्रायव्हर उचलला, स्क्रूवर टेकवला.

उजवीकडे. मनातल्या मनात ती म्हणत होती, उजवीकडे, राजा, उजवीकडे.

त्याचा हात थांबला.

स्क्रूवर टेकवलेला, पण फिरेना. त्याने डोकं खाली घातलं. पेटी जरा तिरकी करून उजेडाकडे वळवली, मधली खूण दिसावी म्हणून. काल काय केलं ते आठवलं असेल, किंवा नसेलही. मग ओठ हलले. अडकलेल्या लिफ्टबाहेर उभं राहून अख्ख्या इमारतीला हसवणारा माणूस, तो ओठांतल्या ओठांत मोजत होता. टक्. थांबला. पुन्हा खुणेकडे बघितलं. टक्.

उजवीकडे दोन.

अगदी बरोबर. एका केसाचाही फरक नाही.

सकाळपासून जे येत नव्हतं ते आता आलं. तिने काकांकडे पाठ केली. काकांनी खुर्ची सरकवली, मोठ्याने, उगाचच, आणि बाहेर निघून गेले.

ती एका गोष्टीची वाट बघत होती आणि ती झाली होती. शब्द पाळायचा तर आता गप्प बसायचं. पण हे तिने धरलंच नव्हतं. तिने दोनच शक्यता धरल्या होत्या, डावी आणि उजवी. हात आपणहून जाणारच नाही, त्याला वाट आठवावी लागेल, परक्याच्या घरी जाताना पत्ता बघतात तशी, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

समोर

तिने तोंड पुसलं आणि बाहेर आली. तो पेटीचं झाकण लावत होता.

"लावलेस?" तिने विचारलं.

"हो, लावले की."

"बरोबर?"

किती वेळा विचारलं असेल हे तिने. थट्टेत, भांडणात, कधी नुसतंच, त्याचं ते उत्तर ऐकायला. झोपेतून उठव, दिवा लावू नकोस. ती थांबली. आताही त्याने म्हटलं तर चालणार होतं. खोटं म्हटलं तरी चाललं असतं.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग पेटीकडे.

"थांब हं," तो म्हणाला आणि त्याने झाकण परत उघडलं. "एकदा बघून घेतो."

तो वाकला. पेटी उजेडाकडे वळवली. बोटाचं टोक खुणेवर ठेवलं. मानेवर नुकते कापलेले केस, त्यांची सरळ रेघ. तो मान वर न करता म्हणाला, "उजवीकडे दोनच ना गं?"

"हो," ती म्हणाली. "दोनच."

तिने डाव्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पेटीच्या कोपऱ्यात ठेवला. त्याच्याशेजारी आपली किल्ली. त्याचं लक्ष नव्हतं, तो मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने समाधानाने मान हलवली, झाकण लावलं आणि कुलूप घातलं.

"चल," तो म्हणाला. "घरी जाऊ."

ती निघाली. डावा हात सवयीने खिशात गेला, अंगठ्याला काही लागलं नाही, आणि तो बाहेर आला. मग रस्ताभर त्याला कुठे ठेवावं ते तिला कळेना.